हरिचंद्र रोकड्यांच्या लाल रेघा

कल्याणजवळच्या कॅम्प दोन या वस्तीत हरिचंद्र रोकड्यांचा गाळा कुठे आहे असं विचारलं, तर शेजारपाजारचे सिंधी दुकानदार पाटी सांगत नसत, वास सांगत. "सीधा जाओ साईं, जहाँ थिनर की बास आए वहीं रुक जाना." माणूस तिथे थांबला की समोर दहा बाय बाराची एक खोली, छताखाली आडव्या दोऱ्या, दोऱ्यांना चिमट्यांनी लावलेले ओले कागद, आणि त्या कागदांखालून वाकून चालणारा एक उंच, काटकुळा माणूस दिसे. वाकून चालायची त्याला इतकी सवय झाली होती की विठ्ठलवाडीच्या घरीही तो दारातून आत शिरताना मान खाली घालायचा. दार चांगलं साडेसहा फुटी होतं.

हरिचंद्र मूळचा अंबरनाथचा. तिथल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा वय पंचवीस, नवं लग्न, आणि हातात कला एकच, खोक्यांवर ब्रशने सुबक अक्षरं काढायची. कॅम्प दोनमधल्या एका म्हाताऱ्या सिंधी उस्तादाने ती अक्षरं पाहिली आणि त्याला स्क्रीन प्रिंटिंग शिकवलं. लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं बारीक जाळीचं कापड, कापडावर शाई, आणि रबराच्या पट्टीने वरून खाली ओढलेला एकच हात. जाळी जिथे मोकळी तिथून शाई कागदावर उतरते. ऐकायला सोपं आहे. पुरणपोळीही ऐकायला सोपीच असते.

अठ्ठावीस वर्षं त्याने हेच केलं. जीन्सचे टॅग, फरसाणाची लेबलं, अगरबत्तीचे पुडे, लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं. त्याच्या हातची रेघ कधी फुगली नाही, कधी तुटली नाही. छापलेला कागद तो डोळ्यांसमोर आडवा धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "ओके." त्याचा 'ओके' कॅम्पात चलनी नाण्यासारखा चाले. त्यामुळे व्हायचं ते झालंच. सल्ला ही वस्तू हा माणूस फक्त देऊ लागला, घ्यायची त्याची सवय पार मोडली. बायको रखमा म्हणायची, "यांना सांगण्यापेक्षा भिंतीला सांगावं, भिंत निदान उलट बोलत नाही." तरी मनाने माणूस लोण्यासारखा होता. गल्लीतल्या प्रत्येक पोरीच्या लग्नाची पत्रिका त्याने स्वतःच्या हाताने छापली, आणि अक्षतांच्या वेळी प्रत्येक मांडवात सगळ्यात आधी त्याचेच डोळे भरून यायचे.

रंगांच्या बाबतीत मात्र त्याचा कायदा कडक होता. लग्नपत्रिका कुंकवाच्या लाल रंगात. बौद्धांची मंगल परिणयाची पत्रिका निळ्यात. काळा दशक्रियेला आणि रोजच्या किरकोळ कामाला. लग्नाच्या कामात काळ्याचा ठिपकाही पडू नये म्हणून काळ्याची पट्टी वेगळी, चिंधी वेगळी. स्वतः हरिचंद्र बौद्ध, शुभ-अशुभावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण गिऱ्हाइकाचा विश्वास हा धंद्याचा कच्चा माल असतो, हे तो जाणून होता.

दोन हजार सहाच्या सुमारास कल्याणकडे मोठमोठी काचेची दुकानं उघडली आणि कॅम्पात एकच धांदल उडाली. त्या दुकानांत माल ठेवायचा तर पुड्यावर उभ्या रेघांचा बारकोड पाहिजे. रेघा नाहीत तर फळीवर जागा नाही. मसालेवाले, चिवडेवाले, फरशी पुसायची पावडर करणारे, सगळे रेघा शोधत फिरू लागले. आणि त्या रेघा बनवायला कॅम्पात कोणाला येत होत्या? हरिचंद्राच्या मुलीला.

मैत्रेयी तेवीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, विठ्ठलवाडीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. गाळ्याच्या कोपऱ्यात तिने एक जुना कॉम्प्युटर मांडला होता. त्यावर शाई उडू नये म्हणून प्लास्टिकचा पडदा लावला होता. बारकोडाचं काम वरून दिसतं तितकं सरळ नाही. रेघांखाली तेरा आकडे असतात. पहिले बारा ठरलेले, तेरावा त्या बारांवरून गणित करून काढायचा. तो चुकला की दुकानातलं मशीन तुमचं तोंडही बघत नाही. मैत्रेयीकडचं सॉफ्टवेअर फुकटातलं, त्यात रेघा उमटत पण तेरावा आकडा आपला आपण भरावा लागे. तो ती वहीत हाताने काढायची. एका फरसाणवाल्याचे बावीस पदार्थ, प्रत्येकाची तीन वजनं, म्हणजे सहासष्ट वेगळे बारकोड. प्रत्येकावर त्याच्या कंपनीचं नाव, हत्तीचं चित्र, खाली रेघा. मैत्रेयीने ते सगळे दीड दिवसात मांडून दिले. हरिचंद्राने जाळीवर घेऊन हजारांनी छापले. डोकं तिचं, हात त्याचा. हे सगळ्या गल्लीला दिसत होतं, फक्त हरिचंद्राला कबूल नव्हतं. तो म्हणायचा, "ती टायपिंग बघते."

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत बदलापूर गावातून बनूबाई भोपी आल्या. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, पिशवीत सहा तऱ्हेचे पापड आणि कुरडया. त्यांच्या बचत गटातल्या अकरा बायका हे करत. गावात कोणाच्याही घरी लग्न निघालं की रुखवतात मांडायला पापड बनूबाईंचेच. आता कल्याणच्या मोठ्या दुकानाने त्यांना एक फळी देऊ केली होती. मार्चपासून लग्नसराईच्या सामानाचा वेगळा कोपरा मांडणार होते, त्यात.

"नाव छापा, 'गावदेवी महिला गट, बदलापूर गाव'," बनूबाई म्हणाल्या. "चित्र लाटन्याचं. नि त्या रेघा. पन दादा, रेघा काल्या नको."

मैत्रेयीने पडद्यामागून मान बाहेर काढली. "मावशी, बारकोड काळाच असतो."

"असू दे बाय. पन हा पापर रुखवतान जानार. नवरीचे सामानाला काली रेघ? सासूबाय उचलून अंगनान फेकंल. माना लाल पायजे, कुंकवासारकी."

हरिचंद्राच्या मनातलंच बोलल्या त्या. त्याला अगदी भरून आलं. अठ्ठावीस वर्षं त्याने जपलेला कायदा कोणीतरी त्याच्याच टेबलापाशी येऊन बोलून दाखवत होतं. "बरोबर आहे बनूताई," तो म्हणाला. "लग्नाच्या मालावर काळं मी पण नाय मारत. लालच छापू."

"पप्पा, वाचलं नाही तर?"

"रेघ ती रेघ. मशीनला कुठे सौभाग्य कळतं? काळी काय नि लाल काय."

मैत्रेयीने वाद घातला नाही. तिने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. आधी सहा नमुने छापायचे, कल्याणच्या त्या दुकानात जाऊन काउंटरवर मशीनखाली धरून बघायचे, आणि मगच बाकीचे बारा हजार. हरिचंद्र एरवी ऐकला नसता, पण बनूबाई समोर बसल्या होत्या. "जातो," तो म्हणाला.

गेलाही. गुरुवारी दुपारी सहा लाल नमुने पिशवीत घालून तो कल्याणला उतरला. काचेच्या दारात वॉचमनने अडवलं. पिशवी आत न्यायची नाही, तिकडे टोकन घेऊन ठेवा. नमुने पिशवीत. ते बाहेर काढून हातात धरले तर वॉचमन म्हणाला, हे काय आहे, कुठून आणलं? काचेपलीकडे थंडगार हवा, ढकलगाड्या घेऊन फिरणारी माणसं, काउंटरवर ही लांब रांग. हरिचंद्राची नखं शाईने माखलेली, पायात रबरी चप्पल. रांगेत उभं राहून, काहीही विकत न घेता, त्या काउंटरवरच्या पोरीला काय सांगायचं? माणूस अठ्ठावीस वर्षं आपल्या गाळ्यात राजा असला की दुसऱ्याच्या दारात त्याला नीट उभंही राहता येत नाही. पाच मिनिटं तो काचेबाहेर घुटमळला. मग समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायला आणि रिक्षात बसून परत आला.

"झालं?" मैत्रेयीने विचारलं.

"ओके आहे," हरिचंद्र म्हणाला.

त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. रेघा सुरेख होत्या. एक डोळा मिटून बघितल्या तर केसाइतकाही फरक नव्हता. पण मशीनखाली त्या गेल्या नव्हत्या, आणि पोरीला त्याने गेल्या म्हणून सांगितलं होतं.

बारा हजार लेबलं छापून झाली. बनूबाईंच्या बायकांनी ती पुड्यांवर चिकटवली. मार्चच्या पहिल्या मंगळवारी माल दुकानात लागला आणि त्याच दुपारी बनूबाईंचा फोन आला. एकही पुडा मशीन वाचत नव्हतं. गिऱ्हाईक पुडा घेऊन काउंटरवर जातं, पोरगी चार वेळा फिरवते, मशीन गप्प. दुकानवाल्यांनी सगळा माल फळीवरून उतरवून मागच्या खोलीत टाकला होता. पुढच्या सोमवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर ती फळी दुसऱ्या कोणाला देऊ, असं सांगितलं होतं.

फोन मैत्रेयीने घेतला होता. रिसीव्हर ठेवून तिने वही उघडली. "पप्पा, नमुना तर पास झाला होता," ती म्हणाली. "म्हणजे रेघांत खोट नाही. मग माझेच आकडे चुकले असणार. नमुन्याच्या आणि शेवटच्या फाइलच्या मध्ये मी काहीतरी हलवलं असणार."

याच क्षणी हरिचंद्राने तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्याचं काम. त्याने शाईचा डबा उघडला, ढवळला आणि पुन्हा बंद केला.

बुधवारचा सगळा दिवस मैत्रेयी वही घेऊन बसली. सहा पदार्थांचे सहा आकडे तिने पुन्हा काढले, उलटे काढले, मैत्रिणीला फोन करून तिच्याकडूनही काढून घेतले. प्रत्येक वेळी तेच उत्तर. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. सापडत नाही म्हणजे आपल्याला यातलं काही कळतच नाही, असं तिने ठरवून टाकलं. संध्याकाळी फरसाणवाला शेठ नव्या अठरा पदार्थांची यादी घेऊन आला, तेव्हा तिने हात जोडले. "शेठ, आप दूसरी जगह करवा लो. मेरे से नहीं होगा."

"अरे बेटा, तेरे छासठ तो एकदम बढ़िया चल रहे हैं!"

"वो नसीब से चले होंगे," मैत्रेयी म्हणाली, आणि यादी त्याला परत दिली.

हरिचंद्र चार फुटांवर जाळी धूत होता. पोरगी दहावीला पास झाली तेव्हा त्याने कॅम्पभर पेढे वाटले होते. आज तीच पोरगी त्याच्या एका खोट्या शब्दावर स्वतःची हुशारी ओवाळून टाकत होती, आणि तो थिनरने जाळी पुसत उभा होता. स्वच्छ झालेली जाळीच तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

गुरुवारी सकाळी रखमाने चहा दिला. तो त्याने मुकाट्याने संपवला. रखमा कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "साखर घालायची राहिली होती. एरवी तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. काय केलंय तुम्ही?"

हरिचंद्राने सांगितलं. सगळं सांगितलं, उसाच्या रसासकट.

रखमा काही ओरडली नाही. ती पाटावर बसली आणि म्हणाली, "अहो, पोरगी काल रात्री जेवली नाही. मला म्हणाली, आई, मी कुठेतरी फोन उचलायची नोकरी बघते. तुम्हाला वाटतंय झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ तुमची आहे, पण आत बोटं तिची चेमटतायत."

हरिचंद्र उठला. गाळ्यात जाऊन त्याने मैत्रेयी यायच्या आधीच एका बारकोडाची जाळी काढली आणि तोच बारकोड सात रंगांत छापला. काळा, निळा, हिरवा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा. वाळल्यावर एकेक कापून साबणाच्या सात वड्यांवर चिकटवला आणि कल्याण गाठलं. या वेळी पिशवी टोकनवर ठेवली, वड्या हातात घेतल्या आणि वॉचमनला म्हणाला, "मी छापणारा आहे. माझं काम चुकलंय, ते बघायला आलोय." वॉचमनने वाट सोडली. खरं बोललं की दारं किती सहज उघडतात याचं हरिचंद्राला नवल वाटलं. जरा रागही आला, की हे त्याला पहिल्या खेपेलाच का सुचलं नाही.

रांगेत त्याचा नंबर लागला. काउंटरवरच्या पोरीच्या छातीवर स्वप्नाली अशी पट्टी होती.

"काका, हे साबण आमचे नाहीत," ती म्हणाली.

"साबण नको बघू बाळा, रेघा बघ. फक्त मशीन आवाज करतं का सांग."

मागच्या रांगेत कुरबुर सुरू झाली. पण स्वप्नालीला गंमत वाटली असावी. तिने काळी वडी फिरवली. टुंक. निळी, टुंक. हिरवी, टुंक. तपकिरी दोनदा फिरवली तेव्हा कुठे एकदा वाजली. लाल फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली, उलटी धरली. काही नाही. नारिंगी आणि पिवळी तशाच मुक्या.

"अहो काका, याचा उजेडच लाल आहे," तिने मशीन त्याच्या तळहातावर धरून दाखवलं. तळहातावर लालभडक रेघ पडली. "लाल उजेडात लाल रेघा कशा दिसणार याला? त्याला सगळा कोरा कागदच दिसतो."

हरिचंद्र तळहाताकडे बघत राहिला. जन्मभर ज्या रंगाला त्याने सगळ्यात वरचा मान दिला, तो या मशीनला दिसतच नव्हता. त्याने तिचे आभार मानले आणि घरी लागतील म्हणून दोन वड्या दुसऱ्या विकत घेतल्या. फुकटचं कोणाचं काही घ्यायचं नाही, ही खोड जुनी होती.

गाळ्यात परत आला तो बनूबाई येऊन बसलेल्या. समोर स्टुलावर मैत्रेयी, मांडीवर वही, डोळे सुजलेले. ती सांगत होती, "मावशी, चूक माझी आहे. पप्पांनी रेघा तपासल्या होत्या. माझे आकडे चुकले. तुमचं नुकसान झालं ते माझ्यामुळे."

"तुजी कसली चूक बाय," बनूबाई म्हणत होत्या. "लाल मीच मागलेला."

आता हरिचंद्राला आयती सुटका होती. दोन बायका दोन्ही बाजूंनी चूक आपल्या अंगावर ओढून घेत होत्या. मध्ये तो फक्त गप्प उभा राहिला असता तरी निभावलं असतं. रंगाचं त्याला कळलं होतं, उपाय हातात होता. शाई हलकी निघाली म्हटलं असतं तर ते कॅम्पात सगळ्यांनी मानलं असतं.

"कोणाची चूक नाही," तो म्हणाला. आवाज इतका चिरका निघाला की शेजारचा दुकानदारही डोकावला. "मी तपासलंच नव्हतं. कल्याणला गेलो, दारातून परत आलो. आत जायची लाज वाटली. रस प्यायलो नि इथे येऊन ओके म्हणून सांगितलं. मैत्रेयी, तुझे आकडे बरोबर आहेत. आत्ताच बघून आलोय. त्या मशीनला लाल दिसत नाही. तू पहिल्या दिवशीच बोलली होतीस."

मैत्रेयीने वही मिटली. "म्हणजे काल मी दिवसभर आकडे काढत होते," ती सावकाश म्हणाली, "नि तुम्ही बघत होतात."

"हो."

"शेठला परत पाठवलं, तेव्हाही."

"हो गं."

ती उठली आणि बाहेर गेली. हरिचंद्राला वाटलं, आता ही सरळ घरी जाणार आणि पुन्हा कधी या गाळ्यात पाय ठेवणार नाही. तो टेबलाला धरून उभा राहिला.

बनूबाईंनी पदर सावरला. "दादा, हजार पापर लाटले की एखादा फाटतं," त्या म्हणाल्या. "फाटला की मी पन चवडीचे मधी लपवते. सगल्याच लपवतान. पन तो सुनेनं लाटला असा मी कदी सांगला नाय."

बनूबाईंना अक्षरओळख बेताचीच. पण इतके नेमके शब्द हरिचंद्राने एकाही पत्रिकेवर छापले नव्हते. त्याने मान खाली घातली. या वेळी त्याच्या डोक्यावर एकही कागद टांगलेला नव्हता.

थोड्या वेळाने मैत्रेयी तोंड धुऊन आत आली. बापाकडे न बघता बनूबाईंपुढे बसली. "मावशी, काळा नको ना? मग दुसरे कुठले चालतात?" हा प्रश्न तिने बनूबाईंना केला की बापाला, ते कळलं नाही. हरिचंद्राने साबणाच्या वड्या टेबलावर मांडल्या. काळा, निळा, हिरवा, एवढे तीन.

"निळा घ्या," तो भीतभीत म्हणाला. "आमच्या पत्रिका निळ्यातच असतात."

"तुमचे लग्नान निला, आमचे लग्नान हिरवा," बनूबाई हसून म्हणाल्या. "नवरीचे हातान हिरवा चुरा असतं. हिरवा मारा. सासूबाय खूश."

शुक्रवारी सकाळी मैत्रेयीने सहा बारकोड पुन्हा मांडून दिले. बापलेकीत कामापुरतंच बोलणं झालं. हरिचंद्राने गर्द हिरवी शाई कालवली, जाळीवर ओतली आणि फक्त सहा नमुने काढले. मग पट्टी खाली ठेवली. ज्याने कधी स्क्रीन प्रिंटिंग केलंय त्यालाच ही गोष्ट किती अवघड ते कळेल. जाळीवर शाई ओतली की थांबायचं नसतं. थांबलात की शाई जाळीत वाळते, बारीक रेघांच्या वाटा बुजतात, पुन्हा सगळं धुवा. हरिचंद्र आयुष्यात कधी थांबला नव्हता.

"जा, तपासून ये," तो म्हणाला. "तोवर मी काही छापत नाही."

मैत्रेयी नमुने घेऊन निघून गेली. हरिचंद्र टेबलापाशी बसला. शाई कडेने सुकायला लागली की तो थिनरने जाळी पुसायचा, पुन्हा ओतायचा, पुन्हा थांबायचा. एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाला, नंतर या. शेजाऱ्याने चहा पाठवला, तो तसाच साय धरून बसला. सोमवार तीन दिवसांवर आला होता. हे सहा नमुने मशीनखाली वाजले नाहीत तर अकरा बायकांची फळी गेली. आणि मुलगी? ती परत आली तरी पूर्वीसारखी त्याच्या टेबलापाशी बसेल का, याची त्याला त्याहून जास्त धास्ती होती. रोज सकाळी तिला बरोबर घेऊन विठ्ठलवाडीहून निघणं हीच आपल्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, हे त्याला त्या दुपारी पहिल्यांदाच स्वतःशी कबूल करावं लागलं.

पावणेचारला गाळ्यातला फोन वाजला.

"पप्पा, काउंटरवर आहे. मोबाइल मशीनजवळ धरते, ऐका."

हरिचंद्राने रिसीव्हर कानाला दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं. आधी नुसता गलका, ढकलगाड्यांची खडखड. मग टुंक. त्याने एक बोट दुमडलं. टुंक. दुसरं. टुंक. मग काहीच नाही. कोणीतरी म्हणालं, कागद दुमडलाय, सरळ करा. हरिचंद्राने चौथं बोट अर्धवट दुमडून तसंच धरलं. टुंक. पाचवा लगेच. सहावा त्याहून लगेच.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते थिनरने आलं असं सांगायचं म्हटलं तरी ऐकायला गाळ्यात कोणी नव्हतं.

"सहाही वाचले," मैत्रेयी म्हणाली. मग तिचा आवाज पहिल्यासारखा, थोडा दटावणारा झाला. "पप्पा, छापा आता."

अठ्ठावीस वर्षांत हरिचंद्र रोकड्यांना कधी छापायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

"छापतो," तो म्हणाला, आणि पट्टी उचलली.